आरती कुठे पोचली?

त्या काळी मी पणजीच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत होते आणि माझं काम लिहिण्याचं होतं. प्रोग्राम लिहिण्याचं नव्हे, तर प्रोग्रामच्या आधी जे जे लिहून ठेवावं लागतं ते सगळं. गिऱ्हाइकाला काय हवं, काय नको, कुठलं बटण दाबल्यावर काय व्हावं आणि दाबलंच नाही तर काय व्हावं. माझी बाडं चांगली जाडजूड असायची. गिऱ्हाईक ती वाचत नसे, सही करत असे. पुढे प्रोग्राम तयार झाला की म्हणे, "अहो, हे आम्हाला नकोच होतं." मग मी बाड उघडून त्याला त्याचीच सही दाखवत असे. त्या क्षणी मला फार सुख व्हायचं, हे लपवण्यात काही अर्थ नाही.

पुण्याच्या मुख्य कचेरीला मात्र असल्या सुखाचा कंटाळा आला असावा. त्यांनी ठरवलं की यापुढे सगळं काम अॅजाइल पद्धतीने करायचं. म्हणजे थोडं करायचं, दाखवायचं, चुकलं असेल तर बदलायचं, पुन्हा थोडं करायचं. बाडं बंद. हे शिकवायला पुण्याहून एक बाई दोन दिवसांसाठी येणार होत्या आणि परत गेल्यावर त्या आमच्याविषयी अहवाल देणार होत्या. साहेबांनी दार लावून आम्हाला सांगितलं की अहवाल वाईट गेला तर पणजीची कचेरी बंद होईल. ज्यांना हवं त्यांना पुण्यात खुर्ची मिळेल.

मला पुण्यातली खुर्ची नको होती. माझे यजमान खाणीवर ट्रक चालवायचे. खाणी बंद पडल्यापासून तो ट्रक लाटंबार्शाला आमच्या दारात उभा होता आणि त्याच्या हौद्यात शेजारणीची कोंबडी अंडी घालत होती. घर माझ्या पगारावर चाललं होतं. पुण्याला जायचं तर मला एकटीलाच जावं लागलं असतं. रोज पहाटे उठून डिचोलीमार्गे पणजी गाठायची, एवढंच मला परदेशगमन वाटायचं. त्यामुळे चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधीच्या त्या आठवड्यात माझ्या जिभेला धार होती.

त्यात सासऱ्यांना त्याच दिवशी पणजीला यायचं होतं. चष्म्याचा नंबर बदलला होता. सकाळी आम्ही दोघं एकाच बसने आलो. चष्म्याच्या दुकानातलं काम आटोपून ते माझ्या कचेरीत आले, संध्याकाळच्या बसपर्यंत थांबायला. जिने चढताना मध्येच थांबून त्यांनी भिंतीवरची आग विझवण्याच्या सूचनांची पाटी वाचली. पाटी बरीच लांबलचक होती आणि बाबांनी ती सावकाश, पूर्ण वाचली. मला वाटलं, निवृत्त मास्तर आहेत, वाचणारच.

मी त्यांना जनेलाकडची, म्हणजे खिडकीजवळची, खुर्ची दिली. "बाय, तुझें जातकच जावया. माका घाई ना," असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा टुवाल मांडीवर घेतला आणि ते पंख्याखाली बसून राहिले.

पुण्याच्या बाई उत्साही होत्या. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला उभं केलं. या पद्धतीत रोज सकाळी सगळ्यांनी उभ्यानेच बोलायचं असतं. पाय दुखतात म्हणून बोलणं आपोआप आटोपतं, असा त्यामागचा विचार. बाईंनी आमच्याकडे कुणी कुणाचा निरोप घेताना पाहिलेलं नव्हतं. आमच्याकडे माणूस बसून जेवढं बोलतो त्याच्या दुप्पट "येतों हां" म्हणून उठल्यावर दारात बोलतो. आम्ही उभे राहिलो आणि आमची तोंडं सुटली. पेडण्याच्या मुलीने काल बस कशी चुकली ते सांगितलं, फोंड्याच्या मुलाने ती बस मुळात कुणाच्या मेव्हण्याची आहे ते सांगितलं. बाईंनी शेवटी आम्हाला बसवलं.

हे दोघं माझे सहकारी. फोंड्याचा मुलगा प्रोग्राम लिहायचा आणि एरवी फारसा बोलायचा नाही. पेडण्याची मुलगी त्याच्या प्रोग्राममधल्या चुका काढायची आणि त्याच्या वाटचंही बोलायची.

मग पिवळ्या चिठ्या आल्या. एका चिठीवर एक काम लिहायचं आणि भिंतीला चिकटवायचं. पावसाळ्यातली भिंत ओली, वर पंखा. बाईंची पाठ वळली की चिठ्या एकेक करून खाली यायच्या. बाई पुन्हा लावायच्या. तिसऱ्यांदा पेडण्याच्या मुलीने हात टेकले. तिने जनेलाच्या दोन गजांना सुतळी बांधली आणि सगळ्या चिठ्या कपड्यांच्या चिमट्यांनी तिच्यावर टांगल्या. माटोळीला फळं टांगावीत तशा त्या लोंबू लागल्या. चवथीच्या दिवसांत गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं टांगायची आमची रीत बाईंना ठाऊक नव्हती. त्यांनी माटोळी म्हणजे काय ते विचारलं आणि त्या सांगण्यात पुन्हा बराच वेळ गेला.

एकदाच काय ते आम्ही चमकलो. कुठलं काम किती अवघड हे ठरवायला बाईंनी आकड्यांचे पत्ते वाटले. प्रत्येकाने एक पत्ता निवडून लपवून धरायचा आणि सगळ्यांनी एकदम उघडायचा, म्हणजे कुणी दुसऱ्याचं बघून आकडा सांगत नाही. आमच्या गावांत चवथ म्हणजे पत्त्यांचाच सण. हातात पत्ते येताच फोंड्याचा मुलगा भिंतीला पाठ लावून बसला, पेडण्याच्या मुलीने पदर नसताना पदराआड धरल्यासारखे पत्ते छातीशी धरले आणि चेहरे असे कोरे झाले की बाई म्हणाल्या, इतक्या प्रामाणिकपणे हा खेळ खेळलेला मी पहिल्यांदाच पाहतेय. साहेब खूश झाले.

दुपारपासून खरा सराव सुरू व्हायचा होता. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एक लहानसा प्रोग्राम पुरा करून गिऱ्हाइकाला दाखवायचा. याला त्या इटरेशन म्हणत. गिऱ्हाईक खरं हवं आणि त्याची गरजही खरी हवी, असा त्यांचा हट्ट होता. साहेब पुढे झाले तर बाई म्हणाल्या, "तुम्ही नको. तुम्हाला सगळं आवडेल." मग त्यांची नजर जनेलाकडे गेली.

"आजोबा, तुम्हाला कॉम्प्युटरकडून काय हवं आहे?"

"माका?" बाबांनी इकडे तिकडे पाहिलं. मग टुवालाची घडी घातली, उलगडली. "चवथीक आरती खंय पावली तें कळूंक जाय."

खोलीत आनंदीआनंद झाला. आमच्या वाड्यांवर चवथीत आरतीची मंडळी मडक्याला कातडं लावलेलं घुमट, काठ्यांनी वाजवायचं शामेळ आणि टाळ घेऊन घरोघर जातात. कुठल्या घरी किती वेळ लागेल ते देवालाही ठाऊक नसतं. एखाद्या घरच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्या, खुसखुशीत निघाल्या की दोन आरत्या वाढतात. पुढच्या घरची बाई बिचारी चहाचं आधण चढवते, उतरवते, पुन्हा चढवते. ती बाई म्हणजे मीच. आणि त्या मंडळींतलं मुख्य घुमट बाबांचं. गावात पहिला ताल त्यांचा, त्यांनी थाप दिल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही.

"आता यांना विचारा," बाई मला म्हणाल्या, "हे त्यांना कशासाठी हवंय. उत्तर आलं की पुन्हा विचारा, ते कशासाठी. खरी गरज तळाशी असते."

मी त्या घरची सून. लग्न झाल्यापासून मी त्यांना "वाढू का?" यापलीकडे प्रश्न विचारला नव्हता. माझी छाती नव्हती असं नाही, छाती बरीच आहे. पण सासऱ्याला कारण विचारायचं नसतं हे मला कुणी शिकवलंही नव्हतं, इतकं ते उघड होतं.

"विचारायला कशाला हवं?" मी म्हणाले. "मला माहीत आहे. मी सांगते."

बाबांनी मान डोलावली. माझ्या शब्दाला मान दिला म्हणून मला बरंही वाटलं.

मग मी सांगत सुटले. पोचायला किती वेळ आहे ते दिसावं. चहा कधी ठेवायचा त्याची घंटा वाजावी. माणसं किती येतायत ते कळावं. सुतळी चिठ्यांनी वाकली. फोंड्याच्या मुलाने आमच्या वाड्याचा नकाशा काढला आणि सगळ्यांत जवळची वाट शोधून घरांचा क्रम लावला. पेडण्याच्या मुलीने तो पाहून कपाळाला हात लावला. "आरे, मानाचें घर सातवें? तुका गांवांत घेतले मरे?" आरतीचा मान ज्या घराला, ते पहिलं यायला हवं. यावर पेडण्यात मान कसा ठरतो आणि फोंड्यात कसा, याची चर्चा झाली. संध्याकाळची बस त्यात जवळजवळ गेलीच.

दुसऱ्या दिवशी चष्मा घ्यायला बाबा पुन्हा आले. पुन्हा जिन्यात थांबून त्यांनी तीच पाटी वाचली. येताना त्यांनी सगळ्यांसाठी पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, गरम उंडे पाव आणले होते. दुपारी पडद्यावर प्रोग्राम लागला. नव्या चष्म्यातून बाबा बघत होते. हिरव्या डोंगरावर लहान लहान घरं, प्रत्येक घरात लाल गणपती, मानाचं घर पहिलं. एक पिवळा ठिपका घरोघर सरकत होता आणि आमच्या घराजवळ आल्यावर घंटा वाजून चहाच्या कपातून वाफ निघाली. ती वाफ फोंड्याच्या मुलाने स्वतःच्या मनाने घातली होती.

"कसं वाटलं, आजोबा?"

"बरें आसा," बाबा म्हणाले. "खूब बरें." त्यांनी टुवालाची घडी घालून तो खांद्यावर टाकला.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. बाईंनी आपल्या कागदावर काहीतरी खूण केली. "गिऱ्हाईक समाधानी," त्या हसून म्हणाल्या. पेडण्याच्या मुलीने माझा हात दाबला. कचेरी वाचली होती.

आणि मला ते "बरें आसा" ओळखीचं होतं. नवी नवरी असताना मी मीठ न घालता माशाचं हुमण केलं होतं, तेव्हा बाबा म्हणाले होते, "बरें आसा." ताट स्वच्छ केलं आणि जाताजाता लोणचं मागितलं. खाणी पुढच्या महिन्यात सुरू होणार असं यजमानांना कुणीतरी सांगितलं होतं, तेव्हाही बाबा "बरें आसा"च म्हणाले होते. आमच्याकडे कुणी केलेल्या कामाला तोंडावर वाईट म्हणत नाहीत. सुनेच्या कामाला, तेही तिच्या साहेबांसमोर, तर नाहीच नाही. पुण्याच्या बाईंना हे कुठून कळणार? टुवाल खांद्यावर गेला म्हणजे विषय संपला.

मला भीती वाटली, सरळ सांगते. मी गप्प बसले तर सगळं ठीक होतं. बाई पुण्याला जातील, चांगलं लिहितील, मी रोज संध्याकाळी घरी जाईन. तोंड उघडलं तर गिऱ्हाईक नाराज, सराव फसला, आणि मी पुण्याच्या कुठल्यातरी खोलीत एकटी. पण इतकी वर्षं मी न वाचता केलेल्या सह्या लोकांना दाखवत आले होते, आणि आज तसलीच सही माझ्या घरच्या माणसाने माझ्यासाठी केली होती. मला स्वतःचाच राग आला, आणि राग आला की मला गप्प बसता येत नाही.

"बाबा," मी म्हणाले, "हें तुमकां नाका, न्हय?"

"बरें आसा म्हणलें मगो."

"मिठाबगर हुमणूय बरेंच आसलें."

ते हसले. मग मी बाईंनी सांगितलेला प्रश्न विचारला. आवाज मात्र माझा मलाच परका वाटला. "आरती खंय पावली तें तुमकां कित्याक जाय?"

त्यांनी नवा चष्मा काढला आणि टुवालाने पुसू लागले.

"माका आतां वयर चडूंक जायना गो, बाय," ते म्हणाले. "गुडघे वळनात."

आमच्या वाड्याची अर्धी घरं डोंगरावर आहेत. वरची घरं करून मंडळी खाली उतरतात, मग आमचं घर येतं. आदल्या वर्षी पायथ्याच्या मानाच्या घरची आरती झाल्यावर बाबांनी गुरांकडे बघून येतो, तोवर तुम्ही सुरू करा, असं मंडळींना सांगितलं होतं आणि आमच्या काजूच्या बागेतल्या मांगरात, म्हणजे तिथल्या खोपटात, जाऊन बसले होते. मंडळी उतरली की मधल्या वाटेने त्यांच्यात मिसळायचं, म्हणजे कुणाला काही कळणार नाही. पण मांगरात बसून अंदाज चुकला. ते पोचेपर्यंत आमच्या गणपतीसमोर आरती सुरू झाली होती. त्यांच्या घरात पहिली थाप दुसऱ्या कुणीतरी दिली.

"घरच्यांक कळूंक नाका म्हूण सांगलें ना," ते म्हणाले. "कळ्ळें जाल्यार तुमी म्हणटलीं, घरा बसा."

आम्ही तसंच म्हटलं असतं. मला रडू आलं आणि मी ते कुणापासून लपवलं नाही. दोन दिवस माझ्या चहाची घंटा ज्यांच्या गळ्यात बांधत होते, त्यांना चहाशी कर्तव्यच नव्हतं.

साहेबांचा चेहरा उतरला होता. बाई घड्याळ बघत होत्या. तेवढ्यात पेडण्याची मुलगी उठली आणि सुतळीवरच्या चिठ्या ओढून काढू लागली. "मागीर एकूच मेसेज जाय," ती म्हणाली. "मंडळी सकयल देंवली काय आजोबांक कळपाचें. बाकीचें सगळें उडय."

"वाफूय?" फोंड्याच्या मुलाने विचारलं.

"वाफूय."

मंडळी डोंगर उतरू लागली की बाबांना कळावं, एवढंच ठेवून त्याने दोन दिवसांचं काम पुसून टाकलं. तोंड असं केलं होतं की मला त्याची दया आली. मग बाबांनी आपली खुर्ची ओढत त्याच्या शेजारी नेली आणि जी माणसं "बरें आसा"शिवाय बोलत नाहीत त्यांना एकदा बोलू दिलं की काय होतं ते आम्ही बघितलं. घंटा नाका, कुणाला तरी ऐकू जाईल. मोबाईल फक्त खिशात हलूदे. अक्षरं मोठी कर. अक्षरं कशाला, हललं की कळलं. मंडळींत टाळ वाजवणाऱ्या त्यांच्या पुतण्याने प्रत्येक घरातून निघताना एक बटण दाबायचं, पण ते कशासाठी हे त्याला सांगायचं नाही.

"त्याला काय सांगायचं मग?" बाईंनी विचारलं.

"बायकांना चहा ठेवायला बरं पडावं म्हणून, असं सांगू," मी म्हणाले. माझी ती गरज अशी कामाला आली.

चाचणीसाठी पेडण्याची मुलगी खाली रस्त्यावर पोदेराच्या दुकानापर्यंत गेली. तिने बटण दाबलं. बाबांच्या सदऱ्याचा खिसा थरथरला. बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. आधी अर्धे उठले, थांबले, मग पुरे उभे राहिले. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"आता बरं आहे ना, आजोबा?" बाईंनी विचारलं.

"ना," बाबा म्हणाले. "आदीं जाय. उठूंक वेळ लागता."

बाईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग आपल्या कागदावरची आधीची खूण खोडली. फोंड्याच्या मुलाने मेसेज एका घराने अलीकडे आणला. तेवढ्यात दिलेली वेळ संपली. त्यामुळे आमचा सराव संपला तेव्हा गिऱ्हाइकाने शेवटचा शब्द "ना" असा उच्चारलेला होता, आणि अहवालात तेच गेलं. साहेबांनी आठवडाभर कुणाशी धड बोलणं केलं नाही. मग पुण्याहून फोन आला की पणजीची कचेरी राहील. गिऱ्हाइकाला खरा नकार द्यायला लावणारी माणसं त्यांना हवी होती म्हणे. साहेबांनी हे वाक्य स्वतःचं म्हणून पुढे कितीतरी वेळा सांगितलं.

त्या चवथीला मी घरात कुणाला काही बोलले नाही. दिवे लागल्यावर थर्मासात चहा घेऊन मांगराकडे गेले. बाबा घुमट मांडीवर घेऊन बसले होते. मला बघून त्यांनी नुसतं बाजूला सरकून जागा केली. वरच्या घरातून ताल ऐकू येत होता आणि कोण कुठे चुकतंय ते ते मला सांगत होते. खिसा हलला. ते उठले, त्यांनी घुमट गळ्यात अडकवलं आणि आम्ही मधल्या वाटेने निघालो. मंडळी आमच्या अंगणात शिरली तेव्हा बाबा त्यांच्या पुढे होते. पहिली थाप त्यांनी दिली.

सगळी गेल्यावर मी विचारलं, "बरें जालें, न्हय?"

"फुडल्या वर्सा आनीक एक घर आदीं," ते म्हणाले.

तेव्हापासून दर चवथीच्या आधी मी त्यांना विचारते आणि प्रोग्राममधला तो एक आकडा बदलते. एखाद्या वर्षी एक घर, एखाद्या वर्षी दोन. एव्हाना ट्रक विकला गेलाय, मांगरापर्यंत बाबांना चालवत नाही, ते सोप्यावरच बसतात आणि गुडघ्यांचं सगळ्या गावाला माहीत आहे. मेसेज आता मंडळी मानाच्या घरातून निघतानाच येतो. ती सगळा डोंगर करून आमच्याकडे पोचेपर्यंत बाबा उठत असतात.